चढाचा ठेका

जिन्याच्या दुसऱ्या वळणावर धाकूनं ढोलाचा ठेका बदलला. उताराचा ठेका मोकळा, चढाचा जड. गावाकडं खोऱ्यात हा ठेका ऐकला की नदीवरच्या बायकांनाही कळायचं, पालखी आता घाट चढतेय. इथं शांती नगरात घाट कुठला! चार मजल्यांची बिनलिफ्टची बिल्डिंग आणि भिंतींवर पानाच्या पिचकाऱ्या. पण वाघजाईची पालखी खांद्यावर घेतलेल्या पोरांचे पाय आपोआप ठेक्यात पडत होते.

काशीनाथ पुढच्या दांड्याला हात लावून चालला होता. मानकरी ना तो! गावची जमीन भावांनी विकून खाल्ली, पण मान मात्र त्यानं बॅगेत भरून मिरा रोडला आणला होता. शिमगा झाला की एका रविवारी मंडळ गावाहून देवीचा मुखवटा आणायचं आणि पालखी गाववाल्यांच्या घरोघर फिरायची. पहिली काशीनाथकडे. यंदा त्याच्या हॉलमध्ये ती अशी नाचली की दोन बायकांच्या अंगात आलं.

धाकूचं काहीतरी बिनसलंय, हे मात्र त्यानं तिथंच हेरलं होतं. म्हाताऱ्याच्या डोक्याला फेटा नाही. डोळे लालभडक. पेढा पुढं केला तर हात मागं घेतला, गुलालही लावू दिला नाही.

"चढवलीय सकाळी सकाळी," काशीनाथ बायकोच्या कानाशी लागला. "वाजवतोय ना, मरू दे."

तिसऱ्या मजल्यावर हंसाबेन ताट घेऊन उभ्याच होत्या. "आवो, आवो, माताजी आयी!" गुजराती बाई, वाघजाईचं नाव गेल्या वर्षी पहिल्यांदा ऐकलेलं. तरी पालखी त्यांच्या दारात टेकली, पोरांनी नाचवलीसुद्धा. समोरचं दार धाकूचं. ते बंद होतं.

त्या दारात पालखी टेकत नसे. गावात धाकूची वाडी नदीच्या अंगाला, खाली. देवी तिथं उतरायची नाही. ढोल खालच्या वाडीचा, सनई खालच्या वाडीची, फुंकून फुंकून फाटणारी छाती खालच्या वाडीची. दर्शन मात्र लांबून. मिरा रोडला खालची वाडी नव्हती, सगळे एकाच जिन्याला. मग रीतच जिना चढून आली.

दर वर्षी धाकूची बायको सरूबाई उंबऱ्याबाहेर रांगोळी काढायची आणि ताट घेऊन अर्ध्या दारात उभी राहायची. देवी तिच्या नाकासमोरून वर निघून जायची. पुढं ढोल कोण वाजवत असायचं? तिचाच नवरा. यंदा हॉस्पिटलनं तिला घरी न्यायला सांगितलं, तेव्हा काशीनाथ बघायला आला होता.

"एकदाच, मानकरी," ती म्हणाली होती. "आत नको. उंबऱ्याला टेकवा फकस्त. डोळ्यानं बघते नि जाते."

"पुढच्या शिमग्याला बघू," काशीनाथ म्हणाला. जिच्याजवळ पुढचा आठवडा नव्हता, तिला त्यानं पुढचा शिमगा देऊन टाकला.

आज दारात रांगोळी नव्हती. बरं झालं, समजलं एकदाचं, काशीनाथला हायसं वाटलं. त्यानं पोरांना वर बोट दाखवलं. "चला, चौथा मजला."

पालखी धाकूच्या दारासमोर आली आणि ढोल थांबला.

पोरांनी ती तिथंच खाली टेकवली. कुणाला सांगावं लागलं नाही. खोऱ्यात धुकं उतरलं की खांदेकऱ्यांना पायाखालचं दिसत नसे. ढोलवाला पुढं चालायचा. ढोल वाजतोय तोवर वाट आहे, ढोल थांबला की पुढं कडा. मग देवी असेल तिथं टेकवायची, आणि पुन्हा ढोल वाजेपर्यंत कुणी तिला हात लावायचा नाही. मानकऱ्यानंही नाही. धुकं गावात राहिलं, कडा गावात राहिला, पण हे हाडात मुरलेलं होतं.

"वाजव रे!" काशीनाथ खेकसला.

"पुढं वाट नाय, मानकरी."

"पिऊन तमाशा करू नकोस. पोराला बोलव तुझ्या, तो वाजवेल."

धाकूनं ढोलाचं टिपरू कमरेला खोचलं आणि दारावर थाप मारली. दार उघडलं. सून संजना उभी होती, पदराचा बोळा तोंडात कोंबलेला. ढोल थांबेस्तोवर आवाज काढायचा नाही, असं सासऱ्यानं तिला बजावलं होतं. तिनं बोळा काढला आणि असा हंबरडा फोडला की हंसाबेनच्या हातातलं ताट खणकन खाली पडलं.

आत भुईवर सरूबाई निजवली होती, उंबऱ्याकडं तोंड करून. चादर गळ्यापर्यंतच होती. डोळे कुणी मिटले नव्हते.

"सुतक!" काशीनाथ भिंतीला जाऊन चिकटला. "अरे नालायका, सुतकाच्या दारात देवी बसवलीस? बाटवलीस तिला! उचला रे, उचला!"

एकही हात पुढं झाला नाही. धाकूनं गळ्यातला ढोल उतरवला आणि काशीनाथच्या पायाशी ठेवला.

"न्यायची तर घाला गळ्यात नि वाजवा."

काशीनाथनं दोन्ही हात पाठीमागं घेतले. ढोलाकडं बघत, घसा खाकरून त्यानं विचारलं, "कधी गेली?"

"उजाडायच्या आदी. तिच्या तोंडात पाणी घातलं, मंग ढोल गळ्यात घातला." धाकू उंबरा ओलांडून बायकोच्या उशाशी जाऊन बसला. "पयलं सुतक तुमच्याच देव्हाऱ्यापुढं वाजलं, मानकरी. देवी काय कमी नाचली?"