किटलीचं तोंड

"निष्काळजीपणा," म्हातारबुवा म्हणाले. "दुसरं काही नाही."

ग्रंथपालबाईंचं पेन वहीवर तसंच थांबलं. वीस वर्षं त्या या एका उत्तराच्या मागे होत्या. डोंगर पोखरला आणि निघाला उंदीर.

"म्हणजे किटली कुणी मुद्दाम फिरवत नव्हतं?"

"मी सामान मांडणारा माणूस. फळीवरची धूळ झटकायची आणि वस्तू परत ठेवायच्या. घाईत किटलीचं तोंड कधी दाराकडे व्हायचं, कधी खिडकीकडे. कार्यक्रम थेट जायचा. मध्येच कोण जाऊन सरळ करणार?"

मालिकेचं नाव 'हरवलं-सापडलं'. हरवलेल्या वस्तूंचं एक कार्यालय, एक कारकून, आणि दर बुधवारी संध्याकाळी एक नवी वस्तू. सव्वीस आठवडे चालली आणि प्रेक्षक नाहीत म्हणून गोष्टीच्या ऐन मध्यावर बंद पडली. तेव्हा कुणी हळहळलं नाही. बऱ्याच वर्षांनी कुणीतरी जुन्या फिती बाहेर काढल्या, आणि ज्यांनी पूर्वी ढुंकूनही पाहिलं नव्हतं ते लोक संवाद घडाघडा म्हणू लागले. चांगली मालिका माणूस बघतो आणि विसरतो. अर्धवट सोडलेली मात्र डोक्यात घर करून बसते.

त्यातून कारकुनाच्या मागच्या फळीवर ती निळी किटली. तोंड खिडकीकडे असलं की वस्तूचा मालक खोटं बोलतोय, असं एक गट म्हणे. खोटं कारकून बोलतोय, असं दुसरा. दोन्ही गट स्वतःला किटलीकर म्हणवत आणि एकमेकांकडच्या लग्नाला जात नसत.

बाईंचं पुस्तक सोमवारी छापायला जाणार होतं. शेवटचं प्रकरण तेवढं कोरं होतं. म्हातारबुवांनी आधी तीन किटलीकरांना दारातून परत पाठवलं होतं. बाईंचं पत्र मिळाल्यावर मात्र त्यांनी स्वतः फोन केला आणि बुधवारीच या म्हणाले.

"निष्काळजीपणा असं कसं छापू हो काका?" बाई म्हणाल्या. "लोक हसतील. मलाच रडू येतंय."

"छापू नका मग. पत्रात लिहिलीत ती लहानपणीची वही बघू."

बाईंनी पिशवीतून ती जुनी वही काढली. नऊ वर्षांच्या असताना दर बुधवारी त्या टीव्हीसमोर बसून ती लिहीत. सगळ्या किटलीकरांत त्या वहीला मान होता. म्हातारबुवांनी चष्मा चढवला आणि एक पान मोठ्याने वाचलं.

"किटली खिडकीकडे. गणितात सात. बाबा फिरतीवर. उद्या मावशीकडे."

"ते बाकीचं सोडा. पोरवयातलं आहे."

"मावशीकडे फार जायचात?"

"आई धाडायची. मला काय, मजाच. मावशीकडे मांजरं होती. अजून आहेत."

"आणि वही इतकी वर्षं कुणी जपली?"

"आईनेच. खरं तर तिला मालिका मुळीच आवडायची नाही. विणत बसायची आणि सुरू झाली की पाच मिनिटांत उठून आत जायची. पण एक बुधवार चुकवला नाही तिने. बाबा गेल्यापासून माझ्याकडेच असते. म्हणते, त्या भांड्यापायी तू वेडी होणार आहेस."

म्हातारबुवा हसले. पानं उलटत ते नवव्या भागाशी थांबले. तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं.

"तेव्हा मला ताप होता," बाई म्हणाल्या. "आणि नेमकी त्याच भागाची फीत हरवली आहे. कुणालाच माहीत नाही."

"खिडकीकडे होती," म्हातारबुवा म्हणाले.

बाईंचे डोळे चमकले. अडतीस वर्षांचं भगदाड बुजलं होतं. त्यांनी घाईघाईने लिहून घेतलं आणि तेवढ्यावर त्या खूश झाल्या. निष्काळजी माणसाला हे कसं आठवतं, हा प्रश्न त्यांच्या मनातही आला नाही. भक्तांचं असंच असतं.

निघताना म्हातारबुवा आतल्या खोलीत गेले आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. कागदाच्या फटीतून निळा रंग दिसत होता. बाईंनी दोन्ही हात पुढे केले.

"काका, हिला काचेच्या कपाटात ठेवायला हवं."

"कपाटात नको. घरात ठेवा, आल्यागेल्याला दिसेल अशी. आणि तोंड खिडकीकडे करून ठेवा."

"का?"

"वाफ भिंतीला लागत नाही. भिंत खराब होते."

बाईंनी तेही लिहून घेतलं.

संध्याकाळी त्या घरी पोहोचल्या तेव्हा आई खिडकीपाशी विणत बसली होती. बाईंनी पिशवी ठेवली आणि साठलेलं सगळं भडाभडा ओकून टाकलं. उत्तर निष्काळजीपणा निघालं, वीस वर्षं पाण्यात गेली, आता शेवटच्या प्रकरणात काय माती लिहायची?

"मी सांगत होते," आई टाके मोजत म्हणाली.

"पण त्यांनी हे दिलं." बाईंनी कागद सोडला आणि किटली टेबलावर ठेवली.

आईच्या सुया थांबल्या. तिने टाका कुठवर आला ते पाहिलं नाही, विणकाम तसंच मांडीवर राहिलं. किटलीच्या कडेचा रंग एका ठिकाणी उडाला होता, तिथे तिने बोट फिरवलं.

"कशी ठेवायला सांगितली?"

"तोंड खिडकीकडे. वाफेचं काहीतरी म्हणाले."

आई उठली. तिने किटली दोन्ही हातांनी उचलली, समोरच्या फळीवर ठेवली, तोंड खिडकीकडे केलं आणि थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिली.

"उद्या तू जरा मावशीकडे जाऊन ये," ती म्हणाली.