पिवळ्यावर लाल ठिपका

बसा रामरावकाका, त्या टायरवर बसा. चाक डुगडुगलं, राग आला, बराबर हाय. सरदारच्या दुकानावर भांडाले जाचं तं जा, पण पहिले एक किस्सा ऐका. माहा दात हालून राह्यला, बोलणं सांभाळून घ्या.

तीस वर्सं झाले, सरदार इथं लोहाऱ्यात गाड्या दुरुस्त करते. नट पुरा आवळला का वरून पिवळ्या रंगाचा ठिपका देते. ठिपका म्हंजे त्याची जबान. लहाना भाऊ अफरोज, त्याचा ठिपका लाल. सरदारनंच शिकवलं त्याले, पण निघाला एक नंबरचा हलकट. आठ वर्सांपासून बोलचाल बंद. ईदलेही गळाभेट नाही.

दिवाळीच्या आगेमागे सरदारचा उजवा हात बधिर झाला. एका डोळ्यानं धुकट दिसे. बायको फरहानानं ओढतच यवतमाळले नेलं, डोक्याचा एमआरआय काढला.

डॉक्टर म्हणे, "मेंदूत पांढरे ठिपके दिसतात. एमएस असू शकतो. वायरवरचं रबर सोलावं तसं नसांवरचं आवरण जातं त्यात."

"असू शकतो म्हंजे? हाय का नाही?"

"आज नाही सांगता येत. सहा महिन्यांनी पुन्हा पाहू."

हाय म्हटलं असतं तं माणूस रडून मोकळा झाला असता. नाही म्हटलं असतं तं पेढे वाटले असते. सरदारनं फाईल कपाटात कोंबली अन् बायकोले कसम घातली, "मिस्त्रीच्या हातावर शक आला का गिऱ्हाईक पळते. कोणाले सांगू नको. अन् त्या अफरोजले तं मी मेलो तरी नाही."

तवापासूनच अफरोजले खाज सुटली. आपल्या दुकानापुढच्या वळणावर उभा राहे अन् सरदारकडून निघालेली गाडी अडवे. "सरदारनं बनवली? दाखव, काय दिवे लावले." फुकटात तपासे अन् वर आपला लाल ठिपका ठोके.

एक दिवस तशी एक गाडी तेल बदलाले सरदारकडं परत आली. मागच्या चाकाच्या नटावर पिवळा ठिपका, पिवळ्यावर लाल. सरदारचं टाळकंच सरकलं. पाना घेऊन वळणावर आला.

"काहून रे हरामखोरा, माह्या कामाले हात लावला?"

"लावला. कच्चं होतं."

"कच्चं? तुले पाना धराले म्या शिकवलं!"

"तवा तुले धरता येत होता."

सरदारनं पाना उगारला. तो बोटांतून निसटला, ठणकन् सडकेवर पडला. चहावाला पाह्यते, गिऱ्हाईक पाह्यते. अफरोज दात काढून हासला.

"म्हातारा झाला तू. घरी बस!"

सरदारनं डाव्या हातानं अशी थापड देली का अफरोजच्या तोंडातून रक्त आलं. "पुन्हा माह्या गाडीले शिवशीन तं हात तोडीन!"

अफरोजनं उलटून हात नाही उगारला. रक्त थुंकला अन् दुकानात घुसला. महिनाभर साऱ्या लोहाऱ्यात त्या थापडीचीच गोष्ट. पाना कसा पडला, हे कोणाच्या ध्यानातच नाही राह्यलं.

सहा महिने भराले अजून सव्वीस दिवस हायेत.

उठा काका, झालं. नट दोन आटे ढिला होता, आवळला. काल फरहानाभाभीनं मले फोन केलता तुमची गाडी निघाली म्हणून, रोजच करते. पण मी हा दात दाखवाले यवतमाळले गेलतो, तुमची तेवढी सुटली. ठिपका पिवळाच देला, लाल रंगाचा डबा म्या फेकला. आता एक काम करा. सरदारभाईच्या दुकानापुढं गाडी थांबवा, काम पक्कं झालं म्हणा, अन् माह्या नावानं दोन शिव्या घाला. त्याले बरं वाटते.