दोन गाड्यांमधलं इंदूर

"बाबा, इकडे," लक्ष्मीकांत म्हणाला आणि शब्द तोंडातून निघताना त्याची जीभ अडखळली.

खांडव्याच्या गाडीतून उतरलेले पाहुणे वळले. वय साठीचं, अंगात काळा कोट, हातात कापडी पिशवी. त्यांनी त्याला नीट न्याहाळलं.

"शरद?"

"हो."

लक्ष्मीकांत चटकन वाकून पाया पडला. तेवढं तोंड लपवता आलं.

खरा शरद म्हणजे त्याचा वसतिगृहातला खोलीसोबती. तो श्रावणात गोव्याच्या सत्याग्रहाला गेला आणि तेव्हापासून पोर्तुगिजांच्या तुरुंगात होता. जाताना त्याने एकच मागणं केलं होतं. "बाबांना कळू देऊ नकोस. त्यांचं हृदय अधू आहे."

शरदचे वडील चिंतामणराव झांजीबारला कपडे शिवायचे. शरद दीड वर्षाचा असताना ते बोटीत बसले, ते परत आलेच नाहीत. मागे आई गेली, मालवणच्या मामांनी त्याला वाढवलं. बापलेकांची ओळख सगळी पत्रांतली, एकमेकांचा फोटोही पाहिलेला नाही. शरद गेल्यावर लक्ष्मीकांतने त्याचं अक्षर गिरवून चार पत्रं पाठवली. पाचव्याच्या आधी तार आली. सकाळच्या गाडीने येतो, संध्याकाळच्या गाडीने निघेन.

वसतिगृहावर त्यांना नेण्याची सोय नव्हती. तेव्हा दिवसभर शहर दाखवायचं आणि बसून बोलायला सवडच द्यायची नाही, असं त्याने ठरवलं होतं.

पाहुण्यांनी त्याचं काम सोपं केलं. त्यांना सगळ्याचंच कुतूहल होतं. स्टेशनबाहेरच्या दुकानात पोह्यांबरोबर जिलबी पाहून ते थबकले. "गोड आणि तिखट एकदम खातात?"

"इथे असंच चालतं, बाबा. मलाही पहिले आठ दिवस जमलं नाही."

"आओ भिया, बैठो," टांगेवाला म्हणाला. "बापूजी पहेली बार आए?"

राजवाड्यासमोर पाहुण्यांनी मान वर करून सात मजले मोजले. "खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. मग पाऊसवारा कसा सोसतो हा?" पाहुण्यांनी पहारेकऱ्याला गाठलं आणि मोडक्या हिंदीत पाव तास त्याला विचारत राहिले. मग कृष्णपुऱ्याच्या छत्र्या झाल्या, बडा गणपती झाला. एक जागा संपते न संपते तोच ते विचारायचे, "आता पुढे काय?"

काचमंदिरात मात्र लक्ष्मीकांतला घाम फुटला. भिंतीभर, छतभर आरसे. जिकडे पाहावं तिकडे ते दोघे शेजारी उभे, आणि एकाही तुकड्यात नाकडोळ्यांचं साम्य नाही. त्याने चोरून पाहिलं. पाहुणेही आरशातच बघत होते.

"चल," ते एकदम म्हणाले. "गरम होतंय इथे."

बाहेर पौषातलं गार वारं सुटलं होतं.

कापडबाजारात त्यांनी एका ठाणाचं सूत चिमटीत धरून पाहिलं आणि मग तीच चिमूट लक्ष्मीकांतच्या कोटाच्या खांद्यावर ठेवली. "खांदे अरुंद आहेत तुझे. कुणावर गेलास?"

शरद चांगला सहा फुटी होता. लक्ष्मीकांत कसाबसा म्हणाला, "मामा म्हणायचे, आईवर."

"असेल, असेल," पाहुणे म्हणाले आणि दुसरं ठाण उलगडायला सांगितलं.

कॉलेज त्याने टांग्यातूनच दाखवलं. तिथेच घात व्हायचा. फाटकापाशी त्याच्या वर्गातला शाम उभा होता. "अरे लक्ष्या, कहां चला?" तो ओरडला. लक्ष्मीकांतने मान वळवली नाही.

"तुला हाक मारली का कुणी?"

"नाही बाबा. दुसरा कुणी असेल."

पाहुण्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग घोड्याकडे. "हा माळव्यातलाच का घोडा?" त्यांनी टांगेवाल्याला विचारलं.

पिपल्यापाल्याच्या तळ्याकाठी अखेर बसावंच लागलं. पाहुणे दमले होते.

"खरं सांग," ते हळूच म्हणाले. "बापाची आठवण यायची कधी?"

या प्रश्नाचं उत्तर लक्ष्मीकांतने तयार केलेलं नव्हतं. त्याचे स्वतःचे वडील तो पाच वर्षांचा असताना गेले होते. तेच आठवून तो म्हणाला, "शाळा सुटल्यावर कुणाला न्यायला वडील आले की यायची. मग मी पाटी आवरत बसायचो, सगळे जाईपर्यंत."

पाहुण्यांनी चष्मा काढून पुसला. पुसतच राहिले. मग लांब बोट दाखवून विचारलं, "ते झाड कसलं?"

स्टेशनवर परतेपर्यंत लक्ष्मीकांतचा निश्चय झाला होता. हा माणूस समुद्र ओलांडून मुलाला बघायला आला आणि भलत्याच पोराच्या पाठीवरून हात फिरवून परत चालला. हृदय अधू असो, नसो, लक्ष्मीकांतला हे पोटात ठेवता येणार नव्हतं. त्याने पाहुण्यांना खिडकीपाशी बसवलं, पिशवी फळीवर ठेवली आणि खाली उतरून गज धरला.

"मला तुम्हाला काही सांगायचंय."

"थांब. आधी मी सांगतो, नाहीतर राहूनच जाईल." पाहुण्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला. "रागावू नकोस. सकाळी तू पाया पडलास तेव्हाच बोलायचं होतं, धीर झाला नाही. मग दिवसभर हे काय, ते काय, असं विचारत राहिलो."

शिट्टी झाली. आरसे, खांदे, शामची हाक, सगळं यांच्या ध्यानात आलं होतं तर.

गाडी हलली. तो बरोबर चालू लागला.

"पोरा, मी तुझा बाप नव्हे," पाहुणे म्हणाले. "मी कृष्णराव, त्याच्या शेजारच्या मशीनवर बसणारा. चिंतामण दिवाळीआधीच वारला. म्हणाला, माझ्या शरदने बाप पाहिलेलाच नाही, त्याची परीक्षा होईपर्यंत तूच हो."