फ्लोरिंदाला काय आवडायचं

टेबलावर सगळं मांडून झालं होतं, फक्त फ्लोरिंदाला काय आवडायचं ते राहिलं होतं.

पावाच्या बाहुल्या होत्या. तिला आभाळातून खाली उतरून यायला पावाची शिडी होती. दोन्ही बाजूंना ऊस उभे होते, मक्याच्या दारूचं मडकं होतं, मधोमध तिचा फोटो. पण मृतांच्या सणाला दुपारी बाराच्या ठोक्याला मेलेलं माणूस घरी येतं ते बाहुल्या बघायला नाही. त्याला त्याच्या आवडीचं ताट लागतं. त्यातून मरून वर्ष न झालेलं माणूस. ते उपाशी परत गेलं तर पुन्हा त्या दाराकडे वळत नाही, हे खोऱ्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

अकरा वाजून गेले होते. सावीनाने शेंगदाण्याचं सूप केलं, आणि आईला ते आवडायचं का, हेच तिला सांगता येईना. मग तिने कोंबडी शिजवली. तीच गत.

"लेक म्हणवतेस," तेओदोरा आत्या बटाटे सोलता सोलता म्हणाली. "चाळीस वर्षं एका छपराखाली काढलीस. माझ्या कुत्र्याला काय आवडतं तेसुद्धा सांगेन मी."

"मग सांग ना आत्या. तुझी तर सख्खी वहिनी."

आत्या गप्प बसली. असं वर्षातून एकदा होतं.

नवरा खाणीकडे गेला तो तिकडचाच झाला, तेव्हापासून फ्लोरिंदाने एकतीस वर्षं शाळेची चूल सांभाळली. रोज दोनशे पोरं. कुणी ताटात टाकलं तर म्हणायची, "पोट तुझं, पण बटाटा माझा." स्वतःच्या लेकीला मात्र तिने नन्सच्या शाळेत घातलं. तिथं शिकवायचे फार, खायला काही नाही. दुपारी फ्लोरिंदा डबा घेऊन घरी यायची, गरम करायची, सावीनाला वाढायची आणि भिंतीला टेकून उभी राहायची.

"तू बस ना आई."

"मी शाळेतच जेवून आले. तिथं काय कमी आहे? हे उरलेलं आहे. तू गिळ मुकाट्याने."

सावीना गिळायची.

साडेअकराला कास्ता मावशी प्रार्थना म्हणायला आली. ती फ्लोरिंदाच्या हाताखाली होती, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत. सावीनाने तिला टेकूसुद्धा दिलं नाही.

"मावशी, शाळेत आई काय आवडीने जेवायची? तेवढं सांग. अर्ध्या तासात करते."

"शाळेत?" कास्ता हसली. "शाळेत ती कधी जेवली गं? आम्ही बाया ताटं घेऊन बसायचो, ती पातेली घासायची. आपला वाटा डब्यात भरायची आणि निघायची. बस म्हटलं की म्हणायची, लेक घरी ताट मांडून बसलीये, मी गेल्याशिवाय घास घेत नाही ती. माझ्या पोरींना मी तुझंच उदाहरण द्यायचे. आमच्या भवान्या, आई आली की नाही बघायच्यासुद्धा नाहीत."

आत्याची सुरी थांबली. तिने सावीनाकडे पाहिलं आणि पुन्हा बटाट्याकडे पाहिलं.

सावीनाने दोन ताटं घेतली. दोन्हींत सूप वाढलं, कोंबडी वाढली, सारखीच. एक फोटोपुढे ठेवलं, एक त्याच्या समोर, आणि स्टूल ओढून बसली. प्रार्थनेला आलेली माणसं दारात जमायला लागली होती.

"अगं, आधी आल्यागेल्यांना वाढायचं," आत्या हळूच म्हणाली. "घरचं माणूस आज शेवटी जेवतं. रीत आहे."

सावीना उठली नाही. तिने चमचाही उचलला नाही. सूप निवत गेलं. देवळात बाराचे ठोके पडले तशी ती दाराकडे वळली.

"ये आई," ती म्हणाली. "मी अजून जेवले नाहीये."