जोंधळ्याची राखण

पंक रॉक म्हणजे काय, हे धाराशिवच्या त्या हॉलमध्ये निम्म्यांना ठाऊक नव्हतं. शिव्या मात्र सगळ्यांना कळत होत्या. इतकी वर्षं पुण्या-बंगळूरला गाऊन मी पहिल्यांदाच आपल्या जिल्ह्यात गिटार घेऊन उभी होते. तिसऱ्या गाण्याला माझे चुलते आण्णासाहेब स्टेजवर चढले आणि त्यांनी गिटारची वायरच उपटली.

"बास झालं! आपल्या घरातली बाई कधी अशी वरडली न्हाय. कुणी शिकवलं गं तुला हे?"

माझं डोकं सटकलं. माइक अजून चालू होता.

"आईनं. शेतातल्या माळ्यावर."

बाप गेल्यावर शेत काकांच्या नावावर झालं, जोंधळ्याची राखण तेवढी आईकडं राहिली. कणसं भरली की ती दिवसभर माळ्यावर उभी राहून गोफण फिरवायची, घसा फाटेस्तोवर शिव्या घालायची. माझी सगळी गाणी तिथलीच.

काका हसले. "आगं येडे, त्या शिव्या पाखरांला व्हत्या! तू माणसांला घालतीस व्हय?"

पहिल्या रांगेतून आई उठली. डोक्यावरचा पदर सावरत स्टेजवर आली, काकांच्या हातातली वायर काढून घेऊन माझ्याकडं दिली आणि माइकसमोर उभी राहिली.

"पाखरं नुसत्या हाळीनं उडत्यात, भाऊजी. शिव्या तुमालाच व्हत्या."