नववं सॉफ्टवेअर

“शिकायला अगदी सोपं” अशी ख्याती असलेलं नववं सॉफ्टवेअर त्र्यंबकरावांनी कॉम्प्युटरवर टाकलं. निवृत्तीनंतर आपलं गाणं घरीच रेकॉर्ड करायचं, इतकीच त्यांची माफक इच्छा होती. पण आधीच्या आठ सॉफ्टवेअरांना त्यांचा गळा काही मानवला नव्हता. शिवाय प्रत्येक चाचणीच्या वेळी स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना बायको गुणगुणायची. “नलू, गप्प बस. रेकॉर्डिंग चालू आहे,” असं ते खेकसायचे आणि दोष सॉफ्टवेअरला द्यायचे.

गेल्या महिन्यात घशाच्या ऑपरेशनमध्ये नलूताईंचा आवाज कायमचा गेला. तेव्हापासून त्या पाटीवर लिहून बोलतात.

नववं सॉफ्टवेअर मात्र खरोखरच सोपं निघालं. जुन्या आठही चाचण्या त्यात लगेच वाजल्या. प्रत्येकीत त्र्यंबकरावांचा घसरलेला सा होता, त्यामागे नलूताईंचा नितळ सूर, आणि मग ते “गप्प बस”. त्यानंतर नुसती शांतता.

त्र्यंबकराव आपलं खेकसणं पुसायचं बटण शोधू लागले. शेजारी बसलेल्या नलूताईंनी पाटी त्यांच्यासमोर धरली.

“आता करा खुशाल रेकॉर्डिंग. मधे कुणी गुणगुणणार नाही.”