आवडाबाईची जीभ

“अण्णा, आवडाबाई एवढी मुळमुळीत काहून झाली?”

गोदानं एकदाचं विचारून टाकलं. दुपारी शाळेत बिल्किस आणि फहमिदा या मैत्रिणींनी पैज लावली होती, हा प्रश्न घरी विचारायची तुझी छाती नाही म्हणून. पैजेला कारणही तसंच होतं. उस्मानपुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत आवडाबाई हा विषय म्हणजे तापलेला तवा होता. कुणी हात लावत नसे.

आवडाबाई म्हणजे रेडिओवरच्या ‘आवडाबाईचं बिऱ्हाड’ या विनोदी मालिकेतली घरमालकीण. मालिका गोदाच्या जन्माआधीपासून दर शुक्रवारी लागायची. लिहायचे गोदाचे अण्णा, बद्रीनाथ, आणि आवडाबाईचा आवाज द्यायची तिची आई, लक्ष्मीबाई. सुरुवातीची आवडाबाई म्हणजे नुसती आग. भाडेकऱ्याच्या तोंडाला साबण लागला की नळ बंद करायची. बादल्यांवर बादल्या भरणाऱ्याला म्हणायची, “अरं, म्हैस बी पाणी पिताना मधी मान वर करती.” लोकांना तिचे टोमणे तोंडपाठ होते. यंदाच्या स्नेहसंमेलनात गोदानं तीच जुनी आवडाबाई केली, टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला, आणि तेव्हापासून गोदा बाईसाहेबांचे पाय जमिनीला लागेनात.

आताची आवडाबाई मात्र भाडेकऱ्यांना गरम थालीपीठं वाढायची. त्यांच्या पोरांच्या परीक्षेला नारळ फोडायची. आजच्या भागात तर ती टॉवेल घेऊन नळापाशी उभी राहिली.

“माणूस वयानं निवतो,” अण्णा ताटाकडं बघत म्हणाले. हे वाक्य ते सत्काराच्या भाषणातही म्हणायचे. “आवडाबाई बी निवली.”

“मी निवले का?” तव्यावरची भाकरी उलटत आईनं विचारलं. “त्या बाईला आता मुंग्या लागायच्या तेवढ्या राहिल्यात. तुमचं लिहिलेलं वाचताना जांभई दाबू दाबू माझे जबडे दुखतात.”

अण्णा उठायला लागले. हे नेहमीचंच होतं. आईचं तोंड सुटलं की ते चपला घालायचे आणि क्रांती चौकाकडं चालू लागायचे. गल्लीतल्या बाया हळहळायच्या, बद्रीनाथराव म्हणजे गरीब गाय, आणि नशिबी आली ही सिल्लोडची मिरची. गोदालाही तसंच वाटायचं.

“बसा,” आई म्हणाली. “केंद्रावरचे साहेब आज काय बोलले, ते पोरीला सांगा.”

अण्णा पुन्हा ताटावर बसले. शेवटी आईनंच सांगितलं. दिवाळीनंतर मालिका बंद. आवडाबाई ऐकून आता कुणाला हसू येत नाही म्हणे.

त्या घरात आई आणि अण्णा मिळून करत, अशी ही एकच गोष्ट होती. रेकॉर्डिंगच्या दिवशी दोघं एका स्कूटरवर बसून जायचे. एरवी एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला. मालिकाच गेली तर स्कूटरवर मागं बसायला आईला कारण काय उरणार?

“पण का झाली ती अशी?” तिनं पुन्हा विचारलं. पैज आता तिच्या डोक्यातही नव्हती.

“हे पयले कसं लिहायचे, माहितीय तुला?” आई तिच्याकडं वळली. “रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी मुद्दाम खोड काढायचे. म्हणायचे, वरणात मीठ नाय. तुझा भाऊ आला की उठायचं नाव घेत नाय. मी भडकायची. हे पाठ फिरवून खिडकीत बसायचे. मला वाटायचं, रुसलं बिचारं. दुसऱ्या दिवशी मायकापुढं कागद हातात घ्यावा, तर माझंच भांडण मला वाचायला. वर लोक म्हणणार, काय लेखणी हाय बद्रीनाथरावांची.”

“मग?”

“मग एकदा मी म्हणले, माझ्या तोंडचं न घेता एक ओळ लिहून दाखवा.”

गोदा अण्णांकडं बघत राहिली. थालीपीठं, नारळ, टॉवेल. ते सगळं अण्णांचं एकट्याचं होतं. इतकी वर्षं ते भांडणाला भिऊन पळत नव्हते. आईच्या तोंडचं एक वाक्यही कानावर पडू नये आणि चुकून कागदावर उतरू नये, म्हणून पळत होते. गरीब गाय कसली, हा तर भिंतीत ठोकलेला खिळा होता.

“लिहून दाखवलं की,” अण्णा म्हणाले. त्यांचा चढलेला आवाज गोदा पहिल्यांदाच ऐकत होती. “इतकी वर्षं लिहिलं. तुझ्यावाचून.”

“आन् मारलंत तिला. साखर चारून चारून.”

“मरू दे. माझ्या हातानं मेलेली परवडली. तुझ्या जिभेवर जगलेली नको.”

“तुमच्या पेनात शाई नाय, शिरा भरलाय.”

“आन् तुझ्या तोंडात दात नायत, विळे हायेत. देवानं नाय दिले, सिल्लोडच्या लोहारानं बसवलेत.”

गोदाला फिस्सकन हसू फुटलं. दोघांनीही तिच्याकडं असं पाहिलं, जणू तिनं दोघांच्या कानाखाली वाजवली होती. तव्यावरची भाकरी करपत होती. गोदानं हसू कसंबसं गिळलं, उठून गॅस बंद केला आणि त्या दोघांच्या मधोमध येऊन उभी राहिली.

“आई, अण्णा, ठरलं. पुढच्या शुक्रवारची आवडाबाई मी लिहिणार. अण्णांना आईच्या तोंडचं घ्यायचं नाय ना? नका घेऊ. मी दोघांच्या तोंडचं घेणार. थांबलात काहून? चालू द्या.”